पाण्याचा पेला आणि पत्रक : एका मराठी ख्रिस्ती मंडळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

वारकऱ्यांना पाण्याबरोबर ख्रिस्ती पत्रके वाटली गेल्याने उभे राहिलेले हे प्रकरण नगर भागातील एका तालुक्याच्या गावी घडले. ओळख पटू नये म्हणून गाव, मंडळी आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत व काही किरकोळ तपशील वगळले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसे झाले तसेच मांडले आहेत. मी त्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चचा, सभासद नाही. गोष्ट विकोपाला जाण्याआधी एखादा बाहेरचा माणूस बैठकीत असावा असे तिथल्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, वाटले, आणि त्यामुळे पुढच्या दोन वर्षांत मी चार वेळा तिथे जाऊन आलो.

मंडळी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम उभे केले, १८४२ साली तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले, आणि पुढच्या काही दशकांत आसपासच्या खेड्यांतून, मुख्यतः महार आणि मांग समाजांतून, कुटुंबेच्या कुटुंबे ख्रिस्ती झाली. आज या मंडळीत जी साठ-सत्तर घरे आहेत ती बहुतेक त्यांच्याच नातवंडा-पतवंडांची. चर्चच्या आवाराला लागून मिशनची जुनी शाळा व तिचे पटांगण आहे, आणि पटांगणापलीकडे माळी व मराठा कुटुंबांची वस्ती आहे. लग्नकार्याला, मयताला, आजारपणाला दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे जातात. नाताळचा फराळ पलीकडे जातो आणि दिवाळीचा इकडे येतो.

आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरकडे जाणारी एक दिंडी दुपारच्या विसाव्यासाठी याच पटांगणावर थांबते. वीसेक वर्षांपासून मंडळी वारकऱ्यांसाठी पिण्याच्या पाण्याची व्यवस्था करते आणि महिला मंडळाच्या बाया थकलेल्या म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावून देतात. दिंडीची गावातली व्यवस्था एक सेवानिवृत्त वारकरी गृहस्थ पाहतात. त्यांना सारा गाव आबा म्हणतो, मीही इथे तेच म्हणेन. पाण्याच्या या सेवेविषयी मंडळीच्या दप्तरात कोणताही ठराव नाही. ती आपोआप सुरू झाली आणि आपोआप चालत राहिली, आणि ती कशासाठी करायची याचा विचार कधी मोठ्याने झाला नाही.

काय घडले

त्या वर्षी तरुण संघाचा चिटणीस एका मोठ्या शहरात आठवडाभराच्या शिबिराला जाऊन आला होता. मुलगा मनाचा सरळ, कष्टाळू, प्रार्थनेत नियमित. मंडळीतल्या कुणालाही त्याच्याविषयी तक्रार नव्हती. शिबिरातून तो पत्रकांचे गठ्ठे घेऊन आला. पत्रकाच्या पहिल्या पानावर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातले एक वचन होते. आतल्या पानांवर मात्र दगडाला देव मानणाऱ्यांची कीव केलेली होती आणि तीर्थयात्रेला व्यर्थ पायपीट म्हटलेले होते.

दिंडी आली तेव्हा संघातली चार मुले पाण्याच्या पिंपांपाशी उभी राहिली आणि प्रत्येक पेल्याबरोबर एक पत्रक देऊ लागली. पाळकसाहेब त्या वेळी एका दफनविधीला बाहेरगावी गेले होते. महिला मंडळाच्या बायांनी पत्रके पाहिली, पण ती मुले आपलीच, तेव्हा पाळकसाहेबांना विचारूनच वाटत असतील असे धरून त्या आपल्या कामाला लागल्या. ज्या वारकरी बायांना वाचता येत नव्हते त्यांनी तो कागद अभंगाचा असेल असे समजून कपाळाला लावला आणि घडी करून पिशवीत ठेवला. संध्याकाळी पुढच्या मुक्कामी कोणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाळकसाहेबांच्या घरी आले. कापडी पिशवीत गोळा झालेली तीसेक पत्रके त्यांनी टेबलावर ठेवली. ते चिडलेले नव्हते, आणि हेच पाळकसाहेबांना अधिक लागले. ते एवढेच म्हणाले, “साहेब, हे वाटायचं होतं तर वाटायचं. पण पाण्याबरोबर नको होतं. तहानलेल्या माणसाला हात मागे घेता येत नाही.”

तोवर पत्रकाचा फोटो गावातल्या अनेक फोनांवर फिरला होता. काही तरुण पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला निघाले होते. आबांनी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितले होते. त्या दोन दिवसांत जे काही करायचे ते मंडळीला करायचे होते.

प्रश्न नेमका कोणता होता

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या पहिल्या बैठकीत प्रश्न फार घाईने मांडला गेला. एका गटाच्या मते प्रश्न पत्रकातल्या भाषेचा होता : भाषा सौम्य असती तर काही बिघडले नसते. दुसऱ्या गटाच्या मते प्रश्न हक्काचा होता. एका सभासदाचा भाऊ वकील आहे. त्याने फोनवरून सांगितले की संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म आचरण्याचाच नव्हे तर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिलेला आहे. हे खरेच आहे. संविधान सभेत ‘प्रसार’ या शब्दावर १९४८ साली मोठी चर्चा झाली आणि तो शब्द जाणीवपूर्वक ठेवला गेला. मात्र हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले आहे की प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क; दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. वकिलांनी हा दुसरा भागही सांगितला होता, पण बैठकीत पहिलाच भाग पोहोचला.

माझे मत असे पडले, आणि ते मी तिथे बोलून दाखवले, की आबांचे वाक्य या दोन्ही गटांपेक्षा अधिक नेमके आहे. त्यांनी श्रद्धा सांगण्याला हरकत घेतली नव्हती, आणि भाषेचा मुद्दा काढला तोही नंतर. त्यांची पहिली हरकत ज्या स्थितीत माणसाला गाठले त्या स्थितीला होती. ऐकणाऱ्याला ऐकायचे नसेल तर उठून जाता आले पाहिजे. जो तहानलेला आहे, जो रुग्णालयाच्या खाटेवर आहे, जो आपल्याकडे नोकरीला आहे, ज्याचे मूल आपल्या वर्गात शिकते आहे, त्याला उठून जाता येत नाही. अशा माणसाची सेवा करावी, आणि त्याने आपणहून विचारले तर उत्तरही द्यावे; पण सेवेच्या आडून त्याच्या हातात काही ठेवू नये. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा असे सांगितले आहे, आणि ते सौम्यतेने द्या असेही. आमच्याकडे या वचनातला ‘सिद्ध असा’ एवढाच भाग पाठ होतो. त्यात विचारणारा आधी येतो, हे आपण विसरतो.

पत्रकाच्या भाषेविषयीही थोडे सांगायला हवे. त्या मुलाने पत्रक आधी वाचले होते आणि त्याला ते कठोर वाटले नव्हते. मी त्याला यामागचे कारण विचारले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला की शिबिरात कुणालाच तसे वाटले नाही. ज्या खोलीत सगळेच एका मताचे असतात तिथे आपले शब्द बाहेरच्या कानाला कसे लागतात हे कळत नाही. तेच पत्रक आबांच्या ओसरीवर बसून वाच असे त्याला आधी कुणी सांगितले असते, तर मला वाटते पहिल्याच परिच्छेदाला त्याची जीभ अडखळली असती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय गप्प बसण्याचा होता : पाण्याची सेवा बंद करायची, बाहेर काही बोलायचे नाही, उपासना चार भिंतींत ठेवायची. वयस्क सभासदांपैकी बऱ्याच जणांना हा सुरक्षित वाटला, आणि सध्याच्या वातावरणात त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना नातवंडांची काळजी होती. दुसरा पर्याय हक्कावर ठाम राहण्याचा होता : भाषेबद्दल दिलगिरी व्यक्त करायची, पण वाटपाबद्दल नाही. या बाजूला मुख्यतः तरुण होते आणि सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली येशूची आज्ञा त्यांच्या ओठांवर होती.

तिसरा पर्याय शाळेत शिक्षिका राहिलेल्या एका बाईंनी मांडला. सेवा आणि साक्ष, म्हणजे आपली श्रद्धा इतरांना सांगणे, या दोन्ही गोष्टी चालू ठेवाव्यात, पण त्या वेगळ्या कराव्यात; सेवेच्या जागी पत्रक, गाणे, फलक काहीही नसावे, आणि साक्ष जिथे द्यायची तिथे ती उघडपणे, आधी कळवून, ज्याला यायचे त्याने यावे अशा रीतीने द्यावी. त्यासाठी त्यांनी कीर्तन सुचवले. बैठकीत थोडा वेळ शांतता पसरली, कारण या मंडळीत शेवटचे ख्रिस्ती कीर्तन झाल्याला कित्येक वर्षे लोटली होती.

पंचांनी तिसरा पर्याय स्वीकारला. मात्र माफीचा निर्णय त्याआधी, त्याच रात्री, घाईने झाला, आणि त्यातली चूक पुढे महागात पडली. तिच्याकडे मी शेवटी येतो.

माफी आणि प्रसादाचा प्रसंग

पाळकसाहेब, दोन पंच आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा आबांच्या घरी गेल्या. माफी लेखी होती, त्यात सबब नव्हती, आणि ‘भावना दुखावल्या असल्यास’ अशी पळवाटीची शब्दरचनाही नव्हती. आबांनी ते पत्र दिंडीच्या प्रमुखांना पाठवले आणि तक्रार झाली नाही.

त्या दिवशी आबांच्या घरी पूजा झालेली होती. त्यांच्या सूनबाईंनी सवयीने प्रसादाच्या वाट्या पुढे केल्या. एका पंचांनी वाटी घेतली. दुसऱ्यांनी हात जोडले आणि “आमच्या रीतीत बसत नाही, राग मानू नका” असे सांगून चहा मागून घेतला. परतताना दोघांत वाद झाला. बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल या विषयावर बोलतो, आणि दोघांनाही आधार मिळेल असेच बोलतो : पुढे येईल ते विचारपूस न करता खा, पण हे दैवताला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. माझ्या मते इथे दोघेही बरोबर होते, कारण दोघांनीही जे केले ते यजमानाच्या डोळ्यांत पाहून केले. वाटी घेऊन घराबाहेर गुपचूप टाकून देणे, जे मी इतरत्र पाहिले आहे, ते मात्र कोणत्याही वचनाने समर्थनीय ठरत नाही.

कीर्तन : कोणाची संस्कृती?

बाहेरच्या वाचकाला वाटेल की मराठी ख्रिस्ती माणसाने कीर्तन करणे ही नव्याने शोधलेली युक्ती आहे. तसे नाही. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले तेव्हाच येशूची कथा मराठी ओवीत आली होती. नगरच्या मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तने होत असत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने आजही दर रविवारी मंडळ्यांमध्ये गायिली जातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत, आणि १९१७ साली त्यांनी जो ‘देवाचा दरबार’ सुरू केला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची धारणा होती. तेव्हा टाळ-मृदंग हा उसना पोशाख नव्हे असे मी बैठकीत थोड्या उत्साहाने सांगितले.

त्यावर मंडळीतल्या सर्वांत वृद्ध आजी बोलल्या. “माझ्या आज्याला कीर्तन लांबून ऐकावं लागायचं, पाराच्या खाली बसून. म्हणून तर तो इथं आला. आता तेच तुम्ही पुन्हा इथं आणता?” मला उत्तर सुचले नाही. आसपासच्या संस्कृतीशी जुळवून घ्यावे असे आपण सहज म्हणतो, पण ती संस्कृती सर्वांना एका दाराने भेटलेली नसते. ब्राह्मण घरात जन्मलेल्या टिळकांना कीर्तन माजघरातून मिळाले होते. आजींच्या आजोबांना ते उंबऱ्याबाहेरून मिळाले. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, आणि या मंडळीच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा त्याच्या कितीतरी आधीचा.

हा मुद्दा बैठकीत गुंडाळून ठेवला गेला नाही, याचे श्रेय पाळकसाहेबांना जाते. त्यांनी निर्णय महिनाभर पुढे ढकलला आणि आजींच्या घरी दोनदा जाऊन बसले. शेवटी तोड आजींकडूनच निघाली. चोखोबाचे अभंग त्यांना त्यांच्या आईकडून पाठ होते. कीर्तन करायचेच तर चोखोबा त्यात असावा, आणि आपले लोक इकडे का आले हेही त्यात सांगावे, लपवू नये, असे त्या म्हणाल्या. महाद्वाराशी ज्याची समाधी आहे, पण जिवंतपणी ज्याला आत जाता आले नाही, त्या संताचे नाव ख्रिस्ती कीर्तनात यावे ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते.

कीर्तन बसवताना घेतलेले निर्णय

कीर्तनाला शिक्षिका बाईच उभ्या राहिल्या. आख्यान येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राचे निवडले (वाटणी उधळून परतलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो आणि मोठा भाऊ रुसतो), कारण बाप, दोन भाऊ आणि वाटणी ही गोष्ट शेतकरी श्रोत्याला समजावून सांगावी लागत नाही. पूर्वरंगात क्षमा या विषयाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, असा नारदीय कीर्तनाचा साचा ठेवला. खरी चर्चा बारीक गोष्टींवर झाली.

सुरुवातीचे नमन ख्रिस्तालाच करायचे आणि पहिल्या ओळीतच करायचे असे ठरले. काहींची सूचना होती की आरंभी देवाचे नाव मोघम ठेवावे आणि येशूचे नाव शेवटी आणावे, म्हणजे लोक बसून राहतील. ही सूचना फेटाळली गेली याचे मला समाधान आहे. तसे करणे म्हणजे पुन्हा पाण्याच्या पेल्याबरोबर पत्रकच झाले असते. निमंत्रण-पत्रिकेवरही ‘ख्रिस्ती कीर्तन’ असे ठळक छापले, आख्यानाचा विषय दिला, आणि शेवटी प्रार्थना होईल, जिला थांबणे ऐच्छिक आहे, असे स्पष्ट लिहिले.

तुकोबांचा अभंग घ्यायचा की नाही, यावर शिक्षिका बाई स्वतः आबांकडे गेल्या. आबांचे उत्तर त्यांनी जसेच्या तसे वहीत लिहून आणले होते : “घ्या की. तुकोबा काय एकट्याचे आहेत? पण त्यांच्या तोंडी तुमचा देव घालू नका.” पौलाने अथेन्सच्या अरीयपग या सभास्थानी ग्रीक कवींच्या ओळी उद्धृत केल्या, हे प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ मध्ये आपण वाचतो, आणि तो दाखला अशा वेळी नेहमी दिला जातो. पण दुसऱ्याच्या संताची ओळ घेणे आणि त्या ओळीचा अर्थ बदलून त्या संताला आपला साक्षीदार बनवणे यांत अंतर आहे. बाईंनी अभंग घेतला, तो विठ्ठलाला उद्देशून आहे हे श्रोत्यांना सांगितले, आणि मग आपल्या वाटेने पुढे गेल्या. विठ्ठल या नावाच्या जागी येशू घालून म्हटलेली भजने मी ऐकली आहेत; ती म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ज्याच्या ओठांवर तो अभंग लहानपणापासून आहे त्याला ते कसे वाटत असेल याचा विचार व्हायला हवा.

कीर्तनकाराच्या पाया पडण्याच्या प्रथेविषयी बाईंनी स्वतःच सांगितले की त्या कुणाला पाया पडू देणार नाहीत, नमस्काराला नमस्कार करतील. ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी घेतली आणि रात्री दहाच्या नियमाची वाट न पाहता नऊलाच आवरायचे ठरवले.

मध्येच उभा राहिलेला दुसरा प्रश्न

कीर्तनाची तयारी चालू असताना एका पालकांनी विचारले की महिला मंडळाच्या संध्याकाळच्या शिकवणीत प्रार्थना का होते. या विनामूल्य वर्गात निम्मी मुले पलीकडच्या वस्तीतली होती. वर्गाच्या आरंभी प्रार्थना होत असे आणि तीत सर्व मुले हात जोडून उभी राहत. बायांना यात काही गैर वाटत नव्हते, कारण कुणावरही सक्ती नव्हती.

इथे ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला टाळता येत नाही. त्यांनी १८८९ साली बालविधवांसाठी शारदा सदन सुरू केले तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे अभिवचन दिले होते. त्या मुलींना आपल्या प्रार्थनेला बोलावत नसत, पण खोलीचे दार लावूनही घेत नसत, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात जो वाद पेटला त्यातून १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेतून बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंविषयी मला अपार आदर आहे, आणि आपल्याच घरात आपल्या प्रार्थनेचे दार का लावावे हा त्यांचा प्रश्न आजही मनाला भिडतो. तरीही सदनातल्या मुलीला रमाबाई हेच सर्वस्व होते. दार उघडे असले तरी ज्याचा आपल्यावर आधार आहे त्याच्या दारापाशी मूल मोकळ्या मनाने उभे राहत नाही.

महिला मंडळाने वर्गातली प्रार्थना बंद केली. शिकवणाऱ्या बाया आता वर्गाआधी पंधरा मिनिटे लवकर येऊन आपापसांत प्रार्थना करतात. दोघींना हा निर्णय ख्रिस्ताला नाकारण्यासारखा वाटला आणि त्यांतल्या एकीने शिकवणे सोडले.

परिणाम

कीर्तन नाताळच्या आदल्या आठवड्यात झाले. पलीकडच्या वस्तीतून चाळीसेक माणसे आली. आबा पहिल्या रांगेत बसले. मोठा भाऊ घरात यायला नकार देतो त्या ठिकाणी बाईंनी आख्यान थांबवून आजींच्या आजोबांची गोष्ट सांगितली, दाराबाहेर कोण आणि का उभे होते ते सांगितले, आणि मंडपात कोणी हलले नाही. प्रार्थनेआधी पाच मिनिटांचा विराम ठेवला होता. साधारण निम्मे पाहुणे त्या वेळी उठून गेले, आबाही गेले. जाताना त्यांनी बाईंना नमस्कार केला. एक कुटुंब मात्र नाराज झाले. त्यांच्या घरातल्या वृद्धांना ‘कीर्तन’ एवढाच शब्द ऐकून कोणीतरी आणले होते आणि निमंत्रण-पत्रिका त्यांनी पाहिलीच नव्हती. छापील शब्द वाचता येणाऱ्यालाच सावध करतो, हे दिंडीतल्या बायांवरून आम्हाला आधीच कळायला हवे होते.

काही दिवसांनी वस्तीतली एक बाई शिक्षिका बाईंकडे आली आणि आजारी मुलासाठी प्रार्थना करा म्हणाली. हा प्रसंग फार नाजूक होता, कारण आजारपणात माणूस कशालाही हो म्हणतो. बाईंनी तिच्या नवऱ्याला याची कल्पना आहे का ते विचारले, त्याच्या उपस्थितीत त्यांच्या घरी जाऊन छोटी प्रार्थना केली, बरे होण्याचे कोणतेही वचन दिले नाही, आणि डॉक्टरांची औषधे चालू आहेत ना याची खात्री केली. पुढे मुलगा बरा झाला. त्या बाईने बाप्तिस्मा घेतलेला नाही, ती चर्चमध्येही येत नाही, आणि मंडळीतल्या कुणी तिला त्याविषयी विचारलेलेही नाही.

पुढच्या आषाढात दिंडीच्या प्रमुखांनी विसावा दुसरीकडे घेतला. महिला मंडळाने पिंपे घासून ठेवली होती, ती तशीच परत ठेवावी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी आबांच्या मध्यस्थीने दिंडी पटांगणावर परतली. त्या दुपारी मी तिथे होतो. एका वारकरी आजींनी पायाला तेल लावून घेताना विचारले, “बाई, तुम्ही कोणाचं करता?” तेल लावणारी बाई म्हणाली, “आम्ही येशूचं करतो, आजी. त्यानं स्वतः शिष्यांचे पाय धुतले होते.” आजींनी “बरं” म्हटले आणि दुसरा पाय पुढे केला.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट तरुण संघाच्या चिटणिसाची. पंचांनी माफीचे पत्र त्याच्याशी बोलण्याआधी लिहिले, आणि त्यात वाटप करणारा म्हणून त्याचे नाव घातले. उद्देश प्रामाणिकपणाचा होता, पण ते पत्र दिंडीच्या प्रमुखांकडून पुढे अनेक हातांत गेले आणि मुलाला दोन महिने गावात वावरणे कठीण झाले. ज्या मंडळीने त्याला शिबिराला पाठवले, त्याचा खर्च केला, परतल्यावर त्याचा अहवाल टाळ्या वाजवून ऐकला, तिने संकट येताच त्याला एकट्याला पुढे केले. माफी मंडळीच्या नावाने, सामूहिक जबाबदारी घेऊन द्यायला हवी होती. आधी एक रात्र त्याच्याजवळ बसायला हवे होते. त्याची तळमळ खरी होती. ती कुठे आणि कशी वापरायची हे शिकवण्याचे काम वडीलजनांचे होते आणि त्यांनी ते वीस वर्षे केले नव्हते. आता तो दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या मंडळीत जातो.

दुसरी गोष्ट महिला मंडळाची. पाण्याची आणि तेलाची सेवा त्यांची होती, पण पत्रकांविषयी त्यांना कुणी विचारले नाही आणि पहिल्या बैठकीलाही त्यांना बोलावले गेले नाही. त्यांना विचारले असते तर पिंपापाशी कागद नको हे त्यांनी एका वाक्यात सांगितले असते, असे त्यांच्या अध्यक्षांनी मला नंतर ऐकवले, आणि मला ते पटते.

तिसरी गोष्ट आजींच्या हरकतीची. ती योगायोगाने पुढे आली, कारण त्या दिवशी त्यांच्या नातवाने त्यांना बैठकीला आणले होते. त्या आल्या नसत्या तर आम्ही टिळकांची परंपरा सांगून मोकळे झालो असतो, आणि मंडळीतल्या निम्म्या घरांची आठवण बाजूला ठेवूनच शेजाऱ्यांपुढे उभे राहिलो असतो.

पाळकसाहेब मागच्या उन्हाळ्यात त्या मुलाला भेटून आले. त्याने चहा दिला, घरच्यांची विचारपूस केली आणि एकच गोष्ट विचारली : माफीच्या पत्राची जी प्रत दप्तरात आहे तिच्यावर अजून माझेच नाव आहे का? आहे. पत्रकांची जबाबदारी संपूर्ण मंडळीची होती असा वेगळा ठराव करून त्याची प्रत आबांना आणि त्याला पाठवावी, असे मी पंचांना लेखी कळवले आहे. हे लिहीपर्यंत तो ठराव झालेला नाही.